आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचें वृत्त

शाळेच्या वार्षिकांत 'माजी विद्यार्थ्यांचें वृत्त' या मथळ्याखालीं जीं दोन-चार पानें येतात, तीं बहुधा सर्वांत आधीं उघडलीं जातात. मुलें त्यांत आपल्या थोरल्या भावाचें नांव शोधतात, आईबाप शेजाऱ्याच्या मुलाचें. अमका डॉक्टर झाला, तमकीस परदेशची शिष्यवृत्ति मिळाली, फलाण्याची बढती होऊन तो बंगळूरास गेला, अशा ओळी वाचून शाळेस धन्यता वाटते. यांत वावगें कांहींच नाहीं. ज्या रोपाला पाणी घातलें त्यास फळ आलेलें पाहून माळ्याला आनंद व्हावयाचाच. तथापि या पानांविषयीं थोडा विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. कारण हीं पानें नुसती खबर देत नाहींत, तीं मुलांच्या हातांत एक मापहि देतात. माणसाचें आयुष्य कशानें मोजावें, याचें तें माप होय.

तें माप कसें तयार होतें आणि कोठें अपुरें पडतें, हें समजण्यासाठीं आपण एका महाविद्यालयाची हकीकत पाहूं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं १८५० सालीं केवळ स्त्रियांसाठीं एक वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्या काळच्या लोकांचा आक्षेप असा कीं, बायका पदवी घेतील, पण लग्न होतांच ती पेटींत ठेवून देतील. आणि ज्या कोणी धंदा करतील त्यांच्या संसाराचें वाटोळें होईल. महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनीं या लोकांशीं नुसता शब्दांचा वाद घातला नाहीं. १८८१ सालीं त्यांनीं आपल्या हयात असलेल्या पदवीधर स्त्रियांना प्रश्न लिहून पाठविले. तुम्ही वैद्यकी करतां काय, कोठें करतां, प्राप्ति किती होते, हें तर विचारलेंच. शिवाय, पत्नी व माता या नात्यांनीं तुमच्या संसारावर या अभ्यासाचा आणि व्यवसायाचा काय परिणाम झाला, असाहि एक प्रश्न घातला. बहुतेकींनीं उत्तरें धाडिलीं. त्यांतील बहुसंख्य बाया खरोखरच व्यवसाय करीत आहेत असें दिसून आलें, आणि ती हकीकत छापून प्रसिद्ध झाली. टीकाकारांस याहून चोख उत्तर कोणतें द्यावयाचें?

यावरून एक गोष्ट उघड होते. जुन्या विद्यार्थ्यांचें वृत्त गोळा करणें हा शाळेचा डामडौल नव्हे; ती साक्ष आहे. ज्या शिक्षणासाठीं आईबापांनीं दागिने गहाण ठेविले, तें शिक्षण वायां गेलें नाहीं हें कोणीतरी लिहून ठेवावयास हवें. गरीबाच्या घरांत पहिला पगार म्हणजे काय, हें ज्यास ठाऊक आहे तो पगाराच्या बातमीस हसणार नाहीं. आमचाहि त्या बातमीवर रोष नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, साक्ष पुरी पाहिजे. अर्धी साक्ष न्यायाला पुरत नाहीं.

बॉडलीबाईंच्या या चौकशीनंतर दोनच वर्षांनीं, १८८३ सालीं, आपल्या आनंदीबाई जोशी त्याच महाविद्यालयांत दाखल झाल्या. तेथें १० ऑक्टोबर १८८५ रोजीं काढलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत तीन परदेशीय विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषांत दिसतात : लुगडें नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, आणि दमास्कसच्या सबात इस्लांबुली. तिघींच्याहि मुद्रा गंभीर आहेत. या तिघींचें पुढें काय झालें, हें आपण आपल्या नेहमींच्या मापानें मोजून पाहूं.

आनंदीबाईंस ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु क्षयानें खंगलेल्या अवस्थेंत त्या स्वदेशीं परतल्या, आणि कामावर रुजूं होण्यापूर्वींच २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. ओकामीबाई १८८९ सालीं पदवीधर होऊन टोकियोस गेल्या व जिकेई रुग्णालयांत काम करूं लागल्या. पण सम्राट मेइजी यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांस नाकारिलें, तेव्हां त्यांनीं ती जागा सोडली. मग स्वतःचा दवाखाना घातला, मुलींच्या शाळेंत काम केलें, १८९७ सालीं स्त्रियांसाठीं एक लहानसें रुग्णालय काढलें. रोगी पुरेसे येईनात म्हणून तेंहि सुमारें नऊ वर्षांनीं बंद करावें लागलें. इस्लांबुलीबाई १८९० सालीं पदवी घेऊन दमास्कसला परतल्या; १९१९ च्या सुमारास त्या कैरोस असल्याचा उल्लेख सांपडतो, आणि पुढें महाविद्यालयाचा त्यांच्याशीं संबंध तुटला.

आतां हेंच वृत्त आपल्या चालीप्रमाणें छापावयाचें झालें तर कसें छापावें? पहिलीपुढें 'व्यवसाय : नाहीं', दुसरीपुढें 'रुग्णालय बंद', आणि तिसरीपुढें 'पत्ता ठाऊक नाहीं'. तिन्ही ओळी खऱ्या आहेत; पण त्या वाचून या तिघींविषयीं काय कळलें? समुद्र ओलांडून गेलेली, परक्या थंडींत कुडकुडत अभ्यास केलेली अठरा वर्षांची मुलगी त्या ओळींत कोठें आहे? जिनें एकहि दिवस दवाखाना चालविला नाहीं, तिचें चरित्र कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनीं १८८८ सालींच लिहिलें. आणि आज शुक्र ग्रहावरील एका विवराला तिचें नांव आहे. पदांची यादी आयुष्याची किंमत सांगण्यास किती दुबळी असते, याला याहून दुसरा पुरावा नको.

याच महाविद्यालयाची आणखी एक विद्यार्थिनी आपल्याला अधिक जवळची आहे. डॉ. गुरूबाई करमरकर या १८९२ सालीं तेथून पदवीधर झाल्या, दुसऱ्या वर्षीं परत आल्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनें मुंबईंत तेवीस वर्षें रोग्यांची सेवा करीत राहिल्या. समाजानें ज्यांस दूर ठेविलें होतें अशा बायकामुलांत त्यांचें बहुतेक काम होतें. दुष्काळानें हाडांचा सांपळा झालेल्या मुलांवर केलेल्या उपचारांविषयीं त्यांनीं मिशनच्या स्त्रीमंडळास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. त्यांत त्या स्वतःची थोरवी सांगत नाहींत, त्या मुलांविषयीं लिहितात. आमच्या मतें माजी विद्यार्थ्याचें पत्र असावें तें असें. मी कोण झालों याच्याइतकेंच, माझ्या हातून कोणाचें काय झालें, हें त्यांत यावें.

येथें कोणी म्हणेल कीं, ही सारी धर्मोपदेशाची भाषा झाली. व्यवहारांत माप पगाराचेंच. त्यांच्यासाठीं एक व्यवहाराची गोष्ट सांगतों. अमेरिकेंतील हार्वर्ड येथील महाविद्यालयांत १९३८ सालीं एक शास्त्रीय पाहणी सुरू झाली. २६८ विद्यार्थी निवडून त्यांची प्रकृति, नोकरी, युद्धांतील अनुभव, लग्न, व्यसनें, सुखदुःखें यांविषयीं वर्षानुवर्षें विचारपूस करण्यांत आली. पुढें बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांची तशीच पाहणी तीस जोडण्यांत आली. ऐंशी वर्षांहून अधिक काळ हें काम चाललें. पहिल्या गटांत नुसते पुरुष, आणि तेहि बहुतेक सुस्थितींतले, ही त्या पाहणीची उणीव आहे, ती विसरूं नये. तरी तींतून निघालेला निष्कर्ष लक्षांत ठेवण्यासारखा आहे : पन्नाशींत जे आपल्या माणसांच्या सहवासांत समाधानी होते, तेच ऐंशींत अधिक निरोगी राहिले. नामांकित महाविद्यालयाची पदवी असूनहि कित्येकांचें आयुष्य दारूनें नासलें, कित्येक एकाकी झाले. ही गोष्ट बढत्यांच्या यादींतून कधींच कळली नसती. ती कळली, कारण विचारणाऱ्यांनीं निराळे प्रश्न विचारले आणि विचारीतच राहिले.

तेव्हां सारें प्रश्नांवर अवलंबून आहे. 'सध्यां कोणत्या हुद्द्यावर आहां?' एवढेंच शाळेनें विचारलें तर ज्यांस हुद्दा आहे तेच उत्तर देतील. बाकीचे गप्प बसतील. कोणी गांवच्या दवाखान्यांत कंपाउंडर असेल, कोणी एस. टी. हांकीत असेल, कोणी आजारी सासूची सेवा करीत घरीं असेल, कोणाचें दुकान बुडालें असेल. 'लिहिण्याजोगें कांहीं नाहीं' असें म्हणून हे सर्व कागद बाजूस सारतात. त्यांच्या मौनाचा दोष त्यांचा नव्हे. ज्या पानावर आपल्याला जागा नाहीं असें माणसास वाटतें, त्या पानाला तो पत्र लिहीत नाहीं. शंभरांतलें एक मेंढरूं हरवलें म्हणून नव्व्याण्णव सोडून रानांत जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आपण मुलांना दरसाल शिकवितों. मग वार्षिकांत केवळ कोंडवाड्यांतलींच मोजून थांबावें काय?

याचा परिणाम बाकांवर बसलेल्या मुलांवर होतो. जो मुलगा गणितांत कच्चा आहे, जी मुलगी दहावीनंतर पुढें शिकूं शकणार नाहीं, तीं हीं पानें वाचतात आणि मनांत ठरवून टाकतात कीं, या शाळेला उद्यां आपली आठवण राहणार नाहीं. परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वींच हा दुसरा निकाल त्यांच्यापुरता लागलेला असतो. पालकांनींहि याचा विचार करावा. वार्षिक हातांत घेऊन 'बघ, तो कोठें पोंचला, आणि तूं!' असें म्हणणें सोपें आहे. परंतु तो जेथें पोंचला तेथें सुखी आहे काय, कोणाच्या उपयोगीं पडतो काय, आईबापांस विचारतो काय, हें त्या एका ओळींत कोठें लिहिलेलें असतें? मुलाला अपुऱ्या मापानें मोजून त्याचें मन मोडूं नये, ही आमची पालकांस कळकळीची विनंति आहे.

कित्येकांस अशी भीति वाटेल कीं, अपयशाच्या गोष्टी छापल्यानें शाळेची अप्रतिष्ठा होईल व माणसांचीं खाजगी दुःखें चव्हाट्यावर येतील. दुसरी भीति खरी आहे, आणि तिच्यासाठीं उपाय सोपा आहे : जो जें आपखुशीनें लिहील तेवढेंच छापावें, आणि नांव नको म्हणेल त्याचें नांव गाळावें. पहिली भीति मात्र आम्हांस पटत नाहीं. ओकामीबाईंचें रुग्णालय बंद पडलें म्हणून त्यांच्या महाविद्यालयास कोणी नांवें ठेवीत नाहीं. उलट नकार सोसून ती बाई पुनःपुन्हां उभी राहिली, याचाच विद्यार्थ्यांस अभिमान वाटावा. बुडालेल्या दुकानानंतर माणूस पुन्हां कसा उभा राहिला, हें वाचलेल्या मुलाला पुढें पडतांना निदान एवढें आठवेल कीं, आपल्या आधीं याच शाळेंतला कोणी पडून उठला होता.

म्हणून आमची सूचना अशी. येत्या वर्षापासून जुन्या विद्यार्थ्यांस जें विनंतिपत्र जातें त्यांत हुद्द्याच्या प्रश्नाबरोबर आणखी चार प्रश्न असावेत. तुमच्या कामाचा उपयोग कोणास होतो? शाळेंत शिकलेलें काय उपयोगीं पडलें, आणि काय शिकावयाचें राहून गेलें? मनांत धरलेलें पण न साधलेलें असें कांहीं सांगावेंसें वाटतें काय? तुमच्या वर्गांतील कोणाची खबर तुम्हांस आहे, जी आम्हांस नाहीं? याशिवाय ज्यांचा पत्ता लागत नाहीं त्यांच्या सोबत्यांस शाळेनें विचारीत राहावें, आणि जे वारले त्यांच्याविषयीं दोन ओळी अवश्य छापाव्यात, मग त्यांनीं मोठें पद मिळविलें असो वा नसो.

विद्यार्थ्यांसहि एक काम सांगतों. तुमच्या गल्लींत, तुमच्या चर्चमध्यें, तुमच्या गांवच्या बाजारांत या शाळेंत शिकलेलें कोणीतरी वडील माणूस असेलच. सुटींत त्यांच्याकडे जा, शेजारीं बसा, त्यांस विचारा, आणि त्यांच्या परवानगीनें लिहून आणा. ज्यांचा हात आतां कांपतो त्यांचें पत्र तुम्ही लिहा. छापलेल्या एका पत्रानें काय होतें, हें ठाऊक नसेल तर आनंदीबाईंचीच गोष्ट आठवा. गोपाळराव जोशी यांनीं पत्नीच्या शिक्षणासाठीं केलेला पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकांत छापून आला. न्यू जर्सींतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या तो दृष्टीस पडला, त्यांनीं त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलें, आणि पुढें अमेरिकेंत तिला आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्या मुलीच्या अस्थि आज न्यूयॉर्क राज्यांतील पकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत आहेत. मासिकाच्या पानावरचीं चार वाक्यें दोन खंडांतील दोन घरांना इतकें जवळ आणूं शकतात.

या वर्षींचें वृत्त पुढील पानांवर आहे. तें आनंदानें वाचा, ज्यांस यश आलें त्यांचें अभिनंदन करा. आणि ज्यांचें नांव तेथें दिसत नाहीं त्यांपैकीं एकाला तरी या सुटींत पत्र लिहा, इतकी विनंति करून आम्ही हा लेख पुरा करितों.