धावण्याची कसोटी झाली, घडविण्याचे काय?

बुलडाणा : महाविद्यालयात खेळ शिकविणारी व्यक्ती स्वतः किती धावू शकते, याचे मोजमाप भरतीच्या नियमांत चोख आहे. तिने किती जणांना घडविले, हा प्रश्न मात्र त्या टप्प्यावर विचारला जात नाही. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यातील ॲथलेटिक्सचा विचार करताना ही विसंगती नजरेआड करता येणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण, नेट किंवा सेट आणि खेळाडू म्हणून प्रतिनिधित्वाचा पुरावा आवश्यक ठरविला. शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणी आहेच. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर, तर महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर कापावे, अशी अट आहे. चांगले संघ वा खेळाडू घडविल्याचा पुरावा ही नियमावली मागते, पण तो विद्यापीठातील वरच्या पदांसाठी.

मैदान जाणणारा माणूस मैदानावर यावा, हा या अटींमागील हेतू रास्त आहे. परंतु महाविद्यालयात बहुधा हे एकच पद असते. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंतचे संघ, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि कागदपत्रे हे सारे त्याच व्यक्तीच्या शिरावर येते. ॲथलेटिक्समध्ये तर धावणे, उड्या आणि फेक यांचे सरावशास्त्रच वेगळे. मग निवड चाचणी होते, संघ रवाना होतो. वर्षभराचा सराव मात्र खेळाडूच्या जिद्दीवर सोडला जातो.

प्रशिक्षकाची स्वतःची पदके आणि त्याचे यश यांचे नाते सरळ नसते. ओ. एम. नांबियार हवाई दलातील धावपटू होते. त्यांचे नाव मात्र अजरामर झाले ते पी. टी. उषामुळे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये उषाचे पदक शतांश सेकंदाने हुकले आणि १९८५ मध्ये नांबियार द्रोणाचार्य पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी एक ठरले. नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. दोन्हीकडे मुळाशी होता एकाच प्रशिक्षकाचा अनेक वर्षांचा सहवास.

बुलडाण्यालाही याचा प्रत्यय आला आहे, तो तिरंदाजीत. प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्या तालमीत तयार झालेल्या प्रथमेश जावकर याने २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम फेरीत नेदरलँडच्या माईक श्लोसरला नमविले. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तो कंपाउंड सांघिक सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. जिल्हा लहान असला तरी मार्गदर्शनात खंड नसेल तर जागतिक दर्जा गाठता येतो, हा त्याचा अर्थ.

जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याच परिसरात १९१४ मध्ये स्थापन झालेले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविणारे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. शारीरिक शिक्षणाची परंपरा येथे परकी नाही. शेजारच्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून धाव, उडी व फेक यांसाठी पदविकाधारक प्रशिक्षक नेमणे आणि प्रत्येक खेळाडूच्या वेळेची व अंतराची नोंद वर्षानुवर्षे ठेवणे, एवढे तरी साधता येण्याजोगे आहे. पदवीची वर्षे मोजकी असतात. ती निवड चाचण्यांत सरली, तर त्या खेळाडूला दुसरी संधी सहसा मिळत नाही.