तिरफळ कुणी खाल्ले?

चांगल्या हॉटेलात जेवायला माझी ना नाही. पोर्तुगीज काळातले जुने घर, मंद दिवे, कानठळ्या बसवणारे संगीत नाही, वाढपी अदबशीर पण लाचार नाहीत. पणजीत अशा जागा आहेत, आणि तिथे पैसे गेल्याचे दुःख होत नाही. माझे भांडण आहे ते मेनूकार्डाशी.

‘गोवन’ या मथळ्याखाली काय असते? विंदालू, काफ्रेआल, बाल्शांव, शाकुती (म्हणजे आमची शागोतीच!), शेवटी बेबिंका. सगळे रुचकर आणि सगळे आमचेच. विंदालूच्या नावात पोर्तुगीज वाईन आणि लसूण आहे म्हणून ते परके होत नाही. मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली. ती नसती तर आमच्या हुमणाला रंग कुठला? तेव्हा सोवळ्याची भाषा मला करायचीच नाही.

पण मग खतखतें कुठे आहे? आंबाडे घातलेली बांगड्यांची उडदामेथी? अळसांद्याचे तोंडाक? तिसऱ्यांचे सुके? शाकाहारी माणसापुढे मात्र पनीर टिक्का हजर! एकदा विचारले, तर उत्तर मिळाले, ‘साहेब, ते घरचे जेवण. टुरिस्ट मागत नाहीत.’ मागतील कसे? नाव छापलेलेच नाही. राजस्थानात दाल-बाटी घरचीच ना? तरी पाहुणा ती शोधत जातोच.

खतखत्यातले तिरफळ चावायचे नसते, बाजूला काढायचे असते. हे सांगायला वाढप्याला अर्धे मिनिटही लागणार नाही.