सरासरीवर किती भिस्त ठेवायची?

पावसाळ्यात साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचे मिलिमीटर रोज छापून येतात, सोबत कोयना धरणातला साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. बऱ्याचदा शेजारीच जिल्ह्याची सरासरीही असते. ती वाचून म्हसवडच्या शेतकऱ्याने काय समजायचे? कोयनानगरला हंगामात चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो. म्हसवडच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास झाला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. दोहोंच्या मधला आकडा या दोन्ही शिवारांत कधी पडत नाही.

म्हणून सरासरी मोडीत काढावी असे नाही. यंदा कोयना मागे आहे की पुढे, हे कळायला त्याच जागेची अनेक वर्षांची सरासरी लागतेच. भांडण सुरू होते ते तिच्यावर पाणी वाटायला निघाले की.

कृष्णेचे पाणी राज्यांत वाटायला नेमलेल्या बच्छावत लवादासमोर १८९४-९५ पासूनच्या ७८ वर्षांच्या नोंदी होत्या. लवादाने सरासरी धरली नाही. चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल असे ७५ टक्के भरवशाचे २०६० टीएमसी कृष्णेत धरले. त्यानंतरच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये थेट सरासरीपर्यंत, २५७८ टीएमसीपर्यंत, हिशेब नेला. फरक ५१८ टीएमसीचा, म्हणजे जवळजवळ पाच कोयना धरणे. चांगल्या वर्षाचे पाणी हिशेबाबाहेर का ठेवायचे, हा सवाल रास्त आहे. पण सरासरीइतके पाणी साधारण निम्म्याच वर्षांत येते, आणि तुटीच्या वर्षी झळ आधी नदीच्या खालच्या राज्याला लागते, ही आंध्रची तक्रारही खोटी नाही. निवाडा सर्वोच्च न्यायालयात अडकला तो उगाच नव्हे. आमच्या मते सरासरीचे पाणी जरूर वाटावे, पण तुटीच्या वर्षी कोणी किती सोसायचे हे त्याच कागदावर लिहून.

पुराच्या बाबतीत मात्र सरासरी कुचकामी. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या त्या एका रात्रीच्या पावसाने. महिन्याच्या सरासरीत ती रात्र विरघळून जाते. अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अट आहे, ती त्या मानाने शहाणपणाची, कारण ती महसूल मंडळाचा एक दिवस पाहते. तरी म्हसवडला ६५ म्हणजे ओढे फुटतात, आणि कोयनानगरला जुलैत तेवढा पाऊस झाला तर लोक म्हणतात, आज जरा उघडीप आहे.