ग्रंथालयातून उठलेला सूर

पाश्चात्त्य रॉक संगीत म्हणजे भांडवलशाहीने तरुणांना पाजलेली अफू, असे आपल्या चळवळीतील कित्येक ज्येष्ठ कार्यकर्ते मानीत आले आहेत. हे मत अगदीच निराधार नाही. बाजारात बंडसुद्धा वेष्टनात गुंडाळून विकले जाते. परंतु विचार तेथेच थांबविला, तर दक्षिण वेल्समधील ब्लॅकवुड या खाणकामगारांच्या लहानशा गावाने जगाला दिलेला ‘मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स’ हा वाद्यवृंद आपल्याला कळणार नाही.

हा वृंद १९८६ साली उभा राहिला. जेम्स डीन ब्रॅडफील्ड, शॉन मूर, निकी वायर आणि रिची एडवर्ड्स हे पुढे प्रसिद्धीस आलेले चौघेही एकाच शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या उमलत्या वयात, मार्च १९८४ ते मार्च १९८५ या काळात, थॅचर सरकारच्या खाणबंदीविरुद्ध ब्रिटिश खाणकामगार वर्षभर झुंजले आणि कोणताही करार पदरात न पडता कामावर परतले. शेजारच्या ओकडेलची खाण १९८९ साली बंद झाली. ज्या खोऱ्याचा भविष्यकाळच हिरावून घेतला गेला, तेथील या मुलांनी गिटारइतकीच पुस्तके जवळ केली. आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर ते लेखक-विचारवंतांची वचने छापीत असत.

हा वाचनाचा वारसा आभाळातून पडलेला नव्हता. दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी कापून देऊन गावोगाव सभागृहे व ग्रंथालये उभारली होती. ब्लॅकवुडपासून काही मैलांवरील ट्रेडेगरचा अन्यूरिन बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरला आणि कामगारांच्या ग्रंथालयात वाचून शहाणा झाला. त्याच बेव्हनने आरोग्यमंत्री या नात्याने १९४८ साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. १९९८ साली या वृंदाने ‘धिस इज माय ट्रुथ टेल मी युवर्स’ हे बेव्हनचे शब्द आपल्या ध्वनिमुद्रिकेला दिले. तिच्यातील स्पेनच्या यादवी युद्धावरचे गाणे ब्रिटनमध्ये खपात पहिल्या क्रमांकावर गेले.

तत्पूर्वी, फेब्रुवारी १९९५ मध्ये रिची एडवर्ड्स बेपत्ता झाला. तो पुन्हा कधीच सापडला नाही. त्या आघातानंतर उरलेल्या तिघांनी १९९६ साली ‘अ डिझाइन फॉर लाइफ’ हे गाणे दिले. त्याचा आरंभच ग्रंथालयांच्या उल्लेखाने होतो. कामगार म्हणजे निर्बुद्ध दारुडा, या वरिष्ठ वर्गाच्या समजुतीवर त्यात उपरोधाने प्रहार केला आहे. तरीही पुष्कळांनी ते मद्यपानाचे गाणे म्हणूनच गायिले. बाजार शब्द पोहोचवितो, अर्थ पोहोचवीलच असे नाही.

या वृंदाचे सारेच आम्हांला मान्य आहे असे नव्हे. ज्यांच्याशी त्यांनी करार केला, ती कंपनी बलाढ्य सोनी समूहाची होती. २००१ साली त्यांनी हवानात कार्यक्रम केला, तेव्हा खुद्द फिडेल कॅस्ट्रो उपस्थित होते. अशा सोहळ्यांनी क्यूबातील राजबंद्यांचा प्रश्न झाकला जातो, हा आक्षेप लोकशाही समाजवाद्यांना रास्तच वाटला पाहिजे. मात्र हे दोष मान्य करूनही मूळ धडा पुसला जात नाही.

तो धडा असा, की गाण्याच्या आधी संस्था असावी लागते. संप हरला, खाणी मिटल्या, तरी कामगारांनी पैपैने जमविलेली विद्या पुढच्या पिढीच्या कंठातून बोलली. पण ती शिदोरी अक्षय नाही. ओकडेलचे १९१७ साली बांधलेले कामगार सभागृह आता मूळ जागी नाही. त्याचे दगड हलवून ते सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात पुन्हा रचण्यात आले आणि १९९५ पासून प्रेक्षणीय वस्तू म्हणून उभे आहे. २०१० नंतरच्या काटकसरीच्या धोरणात तर ब्रिटनमधील शेकडो सार्वजनिक ग्रंथालये बंद झाली. उद्याच्या ब्लॅकवुडमधील मुलाने कोठे वाचावे?

तरुण आपल्या सभांना येत नाहीत, ही तक्रार आपण नित्य करतो. ते काय ऐकतात, हे त्यांना कधी विचारतो का? आणि त्यांना बसून वाचण्यासाठी एक खोली, एक दिवा आणि चार कपाटे आपण कोठे उपलब्ध करून दिली आहेत? प्रत्येक शाखेने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे. गाणी त्यांची ते रचतील.