सहा वर्षांच्या आधी

यंदाच्या अंकाचं पहिलं पान आम्ही अशा मुलांसाठी राखलं आहे, ज्यांची नावं अजून कुठल्याच शाळेच्या पटावर नाहीत.

रत्नागिरीत दिव्यांग मुलांसाठी निष्ठेनं झटणाऱ्या संस्था आहेत. शहरात ‘आविष्कार’चं सविता कामत विद्यामंदिर आणि श्यामराव भिडे कार्यशाळा, मंडणगड तालुक्यात घराडीचं स्नेहज्योती अंध विद्यालय. त्यांच्याविषयी आम्हाला अपार आदर आहे. पण मूल तीन वर्षांचं, बाप मुंबईला, घर पाखाडीच्या वरच्या टोकाला आणि एसटीचा थांबा खाली साकवापलीकडे. त्याला कडेवर घेऊन रोज शहर कोण गाठणार? त्याच्यासाठी शाळा एकच, वाडीतली अंगणवाडी. आणि तिथेही घरचे त्याला पाठवत नाहीत. ‘बाईंना उगाच त्रास,’ म्हणतात.

कायदाही इथे हात आखडता घेतो. शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वयाला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली मोफत शिक्षणाची हमी सहा ते अठरा वयाला. त्याआधीची वर्षं दोन्हींच्या उंबऱ्याबाहेर राहिली. ऐकू न येणाऱ्या मुलाची भाषा मात्र सहाव्या वर्षाची वाट पाहत नाही. खुणांची असो वा श्रवणयंत्रातून आलेली, ती याच वयात रुजते.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणं लवकर ओळखा, मुलाला इतरांत सामावून घ्या, आशाताई आणि आरोग्य पथकामार्फत पुढच्या उपचाराला पाठवा. कागद चांगला आहे. पण त्याचा सगळा भार पडतो तो मानधनावर राबणाऱ्या सेविकेवर. आहार, लसीकरण, गृहभेटी, पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी हे सगळं तिच्याच माथी. तिला नीट प्रशिक्षण आणि मदतीला आणखी एक माणूस न देता समावेशनाची अपेक्षा धरणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, आणि ते महागही नाही. ज्याचा तोल जातो त्याला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून बसवलं की दोन्ही हात खेळायला मोकळे होतात. बोटांत पकड नसेल तर खडूला चिंधी गुंडाळावी. कमी ऐकणाऱ्याला बाईंचे ओठ दिसतील असं समोर बसवावं. बाकीची मुलं तर मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. कुणी त्याची चप्पल आणून देतं, कुणी खाऊची वाटी पुढे सरकवतं.

न येणाऱ्या मुलाकडे आपण जाणं, हीच तर अंगणवाडीची मूळ कल्पना. १९४५ साली सुरू झालेल्या बोर्डीच्या बालवाडीत मुलं येईनात, तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वर्गच त्यांच्या अंगणात नेला. गावोगाव अंगणवाडी पोचवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेला २ ऑक्टोबर २०२५ ला पन्नास वर्षं झाली. इतक्या वर्षांनंतरही काही मुलं दाराबाहेर राहतात, ही गोष्ट आपण मुकाट्यानं स्वीकारता कामा नये.

वाचकहो, ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहा आणि विचारा, तो कुठे गेला? त्यातून अंगणवाडीला उतरता रस्ता आणि कठडा मागा. आणि शेजारच्या घरात असं मूल असेल, तर त्याच्या आईबरोबर एकदा अंगणवाडीपर्यंत चालत जा.