खुला म्हणजे उघडा नव्हे

पारसनीस आणि दुभाषी ही आडनावं तुम्ही ऐकली असतील. पारसनीस म्हणजे मराठेशाहीत फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा, दुभाषी म्हणजे दोन भाषांच्या मध्ये उभा राहणारा. कामं गेली, आडनावं उरली. आताचे अनुवादक धंदा सोडताहेत, त्यांच्यामागे तेवढंही उरणार नाही.

कोण कुठे गेलं हे प्रत्येकाला आपापल्या ओळखीतून ठाऊक आहे. कुणी बँकेत, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवायला, कुणी विम्याच्या कामात. वटारहून रोज नालासोपारा स्टेशन गाठून लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला घरबसल्या करायचं काम नकोसं नसतं. तरी तो ते सोडतो, कारण महिनाअखेरीस हिशेब बसत नाही. त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक प्रतिज्ञापत्र उर्दूतून मराठीत करून बघावं.

खरं तर मराठीत निव्वळ अनुवादावर पोट भरणारे फारसे कधी नव्हतेच. सेतुमाधवराव पगडींनी उर्दू-फारसीतून मराठीत किती आणलं! पण ते सरकारी अधिकारी होते. हमीद दलवाईंचं लेखन इंग्रजीत नेणारे दिलीप चित्रे कधी शिक्षक होते, कधी जाहिरात क्षेत्रात. आणि आपल्या शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते धर्मगुरू होते. उद्याच्या भाकरीची चिंता त्यांच्यापुरती चर्चने मिटवलेली होती. यात त्यांच्या मेहनतीला उणेपणा येत नाही. दिसतं ते एवढंच की चांगल्या अनुवादामागे दुसरं कुणीतरी उभं असायचं: सरकार, कॉलेज, चर्च, नाहीतर बायकोचा पगार. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार एक लाखाचा आणि अनुवादाचा पन्नास हजारांचा. अनुवादक म्हणजे अर्धा लेखक, असा हा सरळ हिशेब.

मग आता नवीन काय घडलं? शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या गेल्या. जाहिराती, माहितीपत्रकं, यंत्रांच्या वापराच्या पुस्तिका, कंपन्यांच्या नोटिसा हे रटाळ काम होतं, पण त्यावर नवशिक्याचा हात बसायचा आणि दोन पैसेही मिळायचे. २०१७ मध्ये गूगलचं नव्या पद्धतीचं यंत्रभाषांतर मराठीत आलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालांसाठी ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर आणलं, २०२२ मध्ये केंद्राची ‘भाषिणी’ आली. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ ऑथर्सने २०२४ च्या सुरुवातीला आपल्या सदस्यांना विचारलं, तेव्हा उत्तर देणाऱ्या अनुवादकांपैकी ३६ टक्क्यांनी सांगितलं की एआयमुळे त्यांचं काम गेलं आहे. आपल्याकडे काम जातं तेही गाजावाजा न करता. फोन येतो, “भाषांतर झालंय, फक्त नजर टाकून द्या.” नजर टाकायला कधी कधी नव्याने लिहिण्याइतकाच वेळ लागतो, पैसे मात्र नजर टाकण्याचेच.

यंत्राशी माझं भांडण नाही. औषधाच्या पाकिटावरचं इंग्रजी एखाद्या आजीला फोनवर कळत असेल तर उत्तमच. पण मराठी आणि उर्दू या नात्यातल्या भाषा आहेत, आणि नात्यातच घोळ जास्त होतात. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे हार; मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. ‘खुला’ म्हणजे बायकोने मागून घेतलेली फारकत. मराठीत भूखंड खुला असतो.

आता मेहर घ्या. निकाहनाम्यात दोन शब्दांपैकी एक येतो. एक अैन अक्षराने लिहितात, त्याचा अर्थ मेहर ताबडतोब, बायको मागेल तेव्हा देणं. दुसरा वाव-हमजाने, त्याचा अर्थ पुढे ढकललेला मेहर, म्हणजे घटस्फोट किंवा मृत्यू झाल्यावर. आपल्या तोंडी दोन्ही जवळजवळ सारखेच, आणि घाईत देवनागरीत उतरवणारा दोन्ही ठिकाणी ‘मुअज्जल’ लिहून मोकळा होतो. एका अक्षरात बाईचा हक्क आजचा की कधीतरीचा हे ठरतं. ते अक्षर ओळखणारा, त्याचा कायद्यातला अर्थ जाणणारा आणि न्यायाधीशाला समजेल अशा मराठीत लिहू शकणारा माणूस हवा असतो. असा माणूस तयार व्हायला दहा वर्षं लागतात. तो आता विम्याच्या कामात आहे.

वक्फच्या कागदांची गोष्टही हीच. जून २०२५ मध्ये केंद्राने ‘उम्मीद’ पोर्टल सुरू केलं आणि देशभरच्या वक्फ मालमत्तांची नोंद सहा महिन्यांत करायला सांगितलं. कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो. पण जुने वक्फनामे आणि सनदा फारसीत आहेत, उर्दूत आहेत, मोडीत आहेत. कागद वाचणारा शोधण्यातच मुतवल्लीचे आठवडे गेले, तर मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. आपल्या सभांमध्ये उर्दूवर प्रेम असल्याची भाषणं खूप होतात. उर्दू वाचून देणाऱ्याचं बिल मात्र ‘कौम की खिदमत’ या खात्यात जातं.

म्हणून तरुणांनी सगळं सोडून अनुवादक व्हावं, असं मी म्हणणार नाही. वकिली करा, जमिनीच्या नोंदींचं काम शिका, शिक्षक व्हा. सोबत उर्दू आणि मोडी यांपैकी एक लिपी पक्की ठेवा. अशा जोडकामाला बाजारात आजही किंमत आहे, कारण चुकलं तर जबाबदार कोण, हे न्यायालय यंत्राला विचारू शकत नाही.

आणि जमातींनी एक काम लगेच हाती घ्यावं. निकाहनाम्याचा छापील नमुना उर्दू आणि मराठी अशा दोन रकान्यांत करावा. मेहरच्या रकमेपुढे ‘मागताच’ की ‘नंतर’ हे साध्या मराठीत असावं, आणि नवरीने ते वाचून मगच सही करावी. जाणकाराकडून एकदाच नीट अनुवाद करून घ्यावा लागेल. त्याचे पैसे त्याला रोख द्यावेत, आणि कागदाच्या तळाशी त्याचं नाव छापावं. एका लग्नाच्या मंडपाच्या खर्चात हे सहज बसेल.