उशीतली शिंक

पावसाळ्यात मुंबई-कोकणात कपाट उघडलं की कुबट वास येतो आणि सकाळी उठताच शिंकांची माळ लागते. आपण दोष हवेला देतो. खरं कारण बरेचदा उशीतच असतं: आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले माइट. धुळीच्या ॲलर्जीचं मूळ तेच, हे १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं. या माइटना दमटपणा मानवतो. म्हणून गाद्यांना ऊन दाखवण्याची आजीची रीत मला आजही मोलाची वाटते. चादरी, अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. छातीत घरघर होत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.